आधी हवा, मग पाणी

मुखरूचं पोट नेमकं कधीपासून दुखतं, ते गडचांदूरच्या बसस्टॉपवरचा चहावालासुद्धा सांगेल. दसऱ्याच्या आदल्या दिवशी प्रफुलनं समोर फीत कापली, तेव्हापासून. खरं पोटदुखीचं दुखणं असतं तर बिचारा गोळी घेऊन मोकळा झाला असता. पण हे दुखणं रस्त्याच्या पलीकडं उभं होतं, निळ्या रंगाचं, काचेच्या खोलीसकट, आणि सकाळी आठला बटण दाबलं की घूंऽ घूंऽ करून सुरू व्हायचं.

मुखरू गाड्या धुतो. आज बावीस वर्षं झाली. राजुरा रोडला लागून टिनाचं शेड, हवा मारायचा एक कॉम्प्रेसर, नळी, दाढीच्या ब्रशापासून चुना मारायच्या ब्रशापर्यंत सतरा ब्रश, आणि बायकोच्या जुन्या सुती लुगड्यांचे धुऊन धुऊन मऊ झालेले तुकडे. एका गाडीला दोन तास. घाई असलेल्या माणसाला तो सरळ सांगायचा, "बाप्पा, जेवण अन् गाडी धुनं, दोनी गोष्टी चावून चावून करा लागते." लोक हसायचे, थांबायचे.

आणि आता समोर सात मिनिटं! गाडी आत, वरून पाणी, पाण्यावर फेस, फेसावर हे एवढाले फिरते ब्रश, गरम हवा, गाडी बाहेर. पी हळद अन् हो गोरी. माणसं काचेच्या खोलीत थंड हवेत बसून आपलीच गाडी धुताना पाहत आणि मोबाईलवर फोटो काढत. मुखरू रिकाम्या शेडात बसून तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा, "पाहून राह्यले, जसा काई पोरगाच झाला!"

त्याची बायको सीता फटकळ. दुपारचा डबा घेऊन आली की नवऱ्याची नजर कुठं चिकटली आहे ते बघायची आणि म्हणायची, "काहो, मी पाहून राह्यली दसऱ्यापासून. सवत माया घरी याले पाहिजे होती, हे तर तुमची सवत आली!"

"चूप राह्य."

"जेवा आता. ते मशीन काई पळून नाई जात."

त्यातून हा प्रफुल पोरगा वाईट असता तरी बरं झालं असतं. वाईट माणसावर जळायला सोपं जातं. हा ब्रह्मपुरीचा, अठ्ठावीस वर्षांचा, गोड बोलणारा. रोज सकाळी शटर वर करताना रस्त्यापलीकडून हात जोडायचा, "राम राम, मुखरूभाऊ!" उद्घाटनाच्या दिवशी पहिला पेढा त्यानं मुखरूलाच आणून दिला होता. तो पेढा आपण कुत्र्याला टाकला, असं मुखरू सगळ्यांना सांगत असे. साफ खोटं. खाल्ला होता. वर चांगला लागला होता, म्हणून तर तळपायाची आग मस्तकाला गेली होती.

पण मुखरूजवळ एक गोष्ट होती. ती त्यानं सीतेलाही सांगितली नव्हती.

गडचांदूरची धूळ ही सिमेंटची धूळ. चहूकडे कारखाने, खाणी, रात्रंदिवस ट्रक. इथं गाडीवर बसते ती नुसती माती नसते. तिला ओल लागली की ती धरते, भिंतीला प्लास्टर धरावं तशी. म्हणून इथं गाडीला पहिल्यांदा पाणी दाखवायचंच नाही. आधी कोरडी हवा मारायची, फटीफटीतून धूळ उडवायची, मऊ ब्रशनं उरलीसुरली झाडायची, आणि मग पाणी. आधी हवा, मग पाणी. मुखरू हे जवानीत एका कारखान्याच्या गॅरेजमध्ये शिकला होता. एका साहेबाच्या चॉकलेटी गाडीवर त्यानं सरळ बादली ओतली होती. गाडीवर राखाडी पापुद्रा बसला आणि मुखरूची नोकरी गेली. इतकी महाग शिकवण माणूस विसरत नाही.

प्रफुल आला धानाच्या पट्ट्यातून. तिकडं गाडीला लागतो चिखल, आणि चिखल आधी भिजवावा लागतो, नाहीतर खरवडला जातो. त्याच्या मशीनचं पहिलं कामच ते होतं. दोन मिनिटं भिजवणं! मुखरूनं हे पहिल्याच दिवशी पाहिलं आणि त्याच्या पोटातलं दुखणं घटकाभर थांबलं. त्यानं सीतेच्या डब्यातली एक भाकर जास्त खाल्ली.

सांगितलं असतं तर दोन वाक्यांचं काम होतं. रोज सकाळी पोरगा हात जोडत होता, "राम राम"नंतर "अबे, आधी हवा मार" एवढंच म्हणायचं होतं. मुखरूनं म्हटलं नाही. पांढऱ्या गाड्यांवर तो पातळ थर कुणाला दिसत नव्हता, आणि या गावात दहातल्या आठ गाड्या पांढऱ्या. मुखरू वाट पाहत राहिला. एक दिवस काळी गाडी जाईल, मग पाहू म्हणाला, मग पाहू काय करते हे थंड हवेची खोली.

काळ्या गाड्या गावात तीन. त्यातली जुनी मारुती गुणाबाईंची.

गुणाबाई म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण अर्धं गाव त्यांच्या हातावर जन्मलेलं, मुखरूची लेक नंदिनीसुद्धा. नवरा नाही, मूल नाही. भाची दिव्यानी शिकायला जवळ राहते, तेवढंच घर. बाई सदुसष्टाव्या वर्षी स्वतः गाडी चालवत, आणि दर रविवारी सकाळी साडेआठला ती गाडी मुखरूच्या शेडात येई. अठरा वर्षांत चुकली असेल तर आजारपणात.

त्यांच्यासाठी एक लाल प्लास्टिकची खुर्ची वेगळी होती. त्या खुर्चीवर दुसरा कुणी बसलेला मुखरूला चालत नसे. बाई बसत आणि बोलत. कोण गेलं, कुणाच्या सुनेला जुळं झालं, चंद्रपूरच्या कोणत्या डॉक्टरला अक्कल नाही. मुखरू ऐकत ऐकत दारं पुसायचा. दोन तासांची गाडी त्याला रविवारी अडीच तास लागायची, आणि हे त्याला माहीत होतं, बाईंनाही माहीत होतं, फक्त दोघंही बोलत नव्हती. चहा मात्र बाई कधी घेत नसत. "साखर आहे बाप्पा मले," म्हणत. गाडी झाली की त्या काळ्या दारात वाकून बघत, आरशात बघावं तसं, आणि बोटानं भांगाजवळचे पांढरे केस नीट करत. तेवढं झालं की मुखरूचा रविवार झाला. बाकी आठवड्याचं काय, ते कसंही जाऊ द्या.

कार्तिकातला तो रविवार. मुखरूनं सकाळीच खुर्ची पुसून ठेवली. साडेआठला बाईंची गाडी चौकातून दिसली, आणि दुरून बघूनच त्याच्या तोंडून निघालं, "अरे बाप रे!"

गाडी काळी नव्हतीच. पार राखाडी. बाईंच्या शेजारी नव्या घराचं बांधकाम चाललं होतं. शनिवारी सिमेंटचा ट्रक खाली केला असणार, पोतं फुटलं असणार, आणि सगळी भुकटी गाडीवर. मुखरूनं एका नजरेत ओळखलं. साधी धूळ वेगळी दिसते, सिमेंट वेगळं. अंगावर पिठासारखं बसतं आणि उन्हात हिरवट झाक मारतं. तीन तासांचं काम, तो मनात म्हणाला, आणि त्याला आनंदच झाला. तीन तास म्हणजे बाई तीन तास. त्यानं हवेची नळी हातात घेतली, शेडाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला.

गाडीनं इंडिकेटर दिला. उजवा.

मुखरूला आधी वाटलं, चुकून लागला. म्हातारं माणूस आहे. पण गाडी हळूच वळली आणि निळ्या फाटकातून आत गेली.

मुखरू हातात नळी घेऊन तसाच उभा. रस्त्यानं जाणारा एक ओळखीचा म्हणाला, "का मुखरूभाऊ, कोणाची वाट पाहून राह्यले?"

अठरा वर्षं! उन्हाळ्यात टिनाखाली अंगाची लाही झाली तरी ही गाडी त्यानं उन्हात पुसली नाही, रंग उडेल म्हणून. आणि ती चालली त्या पोराकडं, सात मिनिटांसाठी. मुखरूच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. लग्नाच्या बायकोनं डोळ्यांदेखत दुसऱ्याचा हात धरला असता तरी त्याला इतकं लागलं नसतं. सीतेला सांगू नका.

बाईंच्या पुढं दोन गाड्या होत्या. म्हणजे पंधरा मिनिटं. मुखरूला घड्याळाची गरज नव्हती, मशीनचा आवाज त्याला तोंडपाठ होता. हात सांगत होता जा, पाय सांगत होते जा. त्या गाडीला पाणी लागलं की संपलं. वरून ते फिरते ब्रश, सिमेंटवर फिरले म्हणजे पॉलिश पेपरच झाला. आणि तो निघालाही. नळी खाली टाकली, रस्त्याच्या कडेला आला, एक ट्रक जाऊ दिला, दुसरा जाऊ दिला.

दुसरा ट्रक गेला आणि समोरची काच दिसली. काचेमागं गुणाबाई गादीच्या सोफ्यावर पाय लांब करून बसल्या होत्या. प्रफुल समोर उभा राहून काहीतरी विचारत होता आणि बाई हसत होत्या. खळखळून. आणि त्यांच्या हातात कप होता.

चहाचा.

"साखर आहे मले," मुखरू मोठ्यानं म्हणाला. रस्त्याला म्हणाला की ट्रकला, त्यालाच ठाऊक. "माया चहाले साखर होती. त्याच्या चहाले नाई."

तो मागं फिरला. लाल खुर्ची ओढली आणि तिच्यावर स्वतः बसला. जाऊ दे, म्हणाला. गेली ना? जाऊ दे. कळू दे एकदा.

पहिली गाडी झाली. दुसरी झाली. काळी गाडी आत गेली, वरून पाण्याचा फवारा सुटला. मुखरू उठला नाही. दोन मिनिटं भिजली. फेस आला. ब्रश फिरायला लागले तसे त्यानं डोळे मिटले. अठरा वर्षं त्या बोनेटवर त्यानं एक ओरखडा येऊ दिला नव्हता. कानावर हात ठेवावेसे वाटले, तेही केलं नाही. बसून राहिला.

गाडी बाहेर आली तेव्हा ओली होती म्हणून चमकत होती. प्रफुलनं बाईंना अदबीनं दार उघडून दिलं. पण कार्तिकाचं कोरडं ऊन ते, दोन मिनिटांत गाडी वाळली आणि वाळता वाळता तिच्यावर राखाडी उमटत गेली. आधी छत, मग बोनेट, मग दारं. प्रफुल घाबरला. त्यानं हातानं पुसून पाहिलं, निघेना. मग त्या शहाण्यानं काय करावं? गाडी पुन्हा मशीनमध्ये घातली! पुन्हा पाणी, पुन्हा ब्रश. खरं सांगायचं तर मुखरूला त्या वेळी हसू आलं. भरल्या पोटाचं हसू. ज्या दिवसाची दसऱ्यापासून वाट पाहिली तो हा दिवस.

दुसऱ्यांदा गाडी बाहेर आली, आणि बाई स्टिअरिंगवर बसल्या, रस्ता ओलांडून सरळ मुखरूच्या शेडात आल्या. मुखरू ताडकन उठला. खुर्ची पुसायला गेला, फडका सापडेना, सदऱ्याच्या बाहीनंच पुसली.

"बसा बाई, बसा. अरारारा! काय करून ठेवलं हे!" त्याला आता जोर चढला. "म्या म्हटलंच होतं, मशीनीले काई डोळे असते का? त्या पोट्ट्याले अक्कल असती तर पाणी मारलं असतं का यावर? अवं बाई, हे सिमेंट हाय! याले पाणी लागलं का धरलं यानं. आधी हवा मारा लागते, कोरडी. मंग ब्रश. मंग पाणी. आधी हवा, मंग पाणी. गडचांदुरात राहून एवढं समजत नाई तर धंदा कशाले टाकते मानूस?"

बाई बसल्या नाहीत. गाडीच्या दाराला हात लावून उभ्या होत्या. त्या खरखरीत थरावर बोट फिरवत होत्या.

"माया तर ध्यानातच नाई आलं," त्या म्हणाल्या. "मले वाटलं साधी धूळ आहे."

"तुमच्या कसं ध्यानात येईन? ह्याले नजर लागते, बाई! बावीस वर्षं काढली म्या या धुळीत."

"तुले पाह्यल्याबरोबर समजते?"

"पाह्यल्याबरोबर!" मुखरूनं छाती पुढं काढली. "हात लावाची गरज नाई. मले तर रस्त्याच्या या बाजूनं समजलं. तुमची गाडी चौकातून वळून राह्यली होती ना, तवाच म्हटलं, हे सिमेंट हाय!"

बोलून गेला. आणि मग त्याला ऐकू आलं, आपण काय बोललो ते.

बाईंनी दारावरचं बोट उचललं. मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मुखरूला सोसलं असतं, बाईंचा राग त्यानं पूर्वी खाल्ला होता. दवाखान्यात नंदिनीच्या वेळी त्या त्याच्यावर केवढ्या ओरडल्या होत्या. आता आवाज अगदी साधा होता.

"मंग तू उठून काऊन नाई आला, मुखरू?"

मुखरूनं तोंड उघडलं. ट्रक होते म्हणावं, तर पंधरा मिनिटं काय ट्रकच होते? कॉम्प्रेसर सुरू होता म्हणावं, तर तो बंदच होता. आणि पुसलेली लाल खुर्ची मधोमध होती, तिच्यावर बसून त्यानं सगळं पाहिलं होतं, आणि काचेतून दोन्हीकडून दिसतं हे आत्ता कुठं त्याच्या डोक्यात आलं.

"गाडी ठेवून जातो," बाई म्हणाल्या. "जमन तेवढं काढ." आणि त्या गुडघ्यावर हात ठेवून, एक एक पाऊल टाकत चौकाकडं ऑटो बघायला गेल्या. त्या इतकं लंगडतात हे मुखरूनं पहिल्यांदा पाहिलं. अठरा वर्षं त्यानं त्यांना गाडीतून उतरून खुर्चीवर बसेपर्यंतच पाहिलं होतं.

त्या दिवशी मुखरू जेवला नाही. पाण्यात व्हिनेगर मिसळलं, लुगड्याचे तुकडे त्यात भिजवून गाडीभर अंथरले, तापलेल्या पोराच्या कपाळावर पट्ट्या ठेवाव्या तसे. थर मऊ झाला की एकेक पट्टी उचलायची, दाबायचं नाही, घासायचं नाही, नुसतं टिपून घ्यायचं, धुवायचं, पुन्हा अंथरायचं. सीता डबा घेऊन आली, त्याचं तोंड पाहिलं आणि सवतीचा विनोद न करता दुसरा तुकडा पिळून देत बसली.

चारच्या सुमारास प्रफुल आला. रस्ता ओलांडून, मान खाली घालून.

"मुखरूभाऊ, चूक झाली. आमच्याकडं चिखल असते, तो आधी भिजवाच लागते. इथचं मले माहीत नव्हतं." मग म्हणाला, "बाईनं सांगितलं होतं मले. आत बसून हासून हासून तुमचंच सांगून राह्यल्या होत्या. का मुखरू गाडी धुते का गोष्टी ऐकते, समजत नाई म्हने. आज अकरा वाजता चंद्रपूरले गुडघ्याचं दाखवाचं होतं, म्हणून घाईनं इकडं आली म्हने. अन् म्हने, या गावच्या धुळीचं काई अडलं तर मुखरूले विचारजो. म्या विचारलं नाई. बिनसाखरेचा चहा देऊन गप्पाच मारत बसलो."

मुखरूच्या हातातल्या चिंधीतून पाणी गळत होतं.

"आधी हवा मारजो," तो म्हणाला. "मंग पाणी."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

संध्याकाळपर्यंत गाडी पुन्हा काळी झाली. थर सगळा निघाला. पण तिरप्या उन्हात बोनेटवर बारीक बारीक गोल ओरखडे दिसत होते, ब्रश फिरले तसेच, आणि ते कोणत्याही व्हिनेगरनं निघणारे नव्हते. मुखरूनं दोनदा मेण लावून ते बुजवले. गाडी न्यायला बाई आल्या, बरोबर दिव्यानी होती. मुखरू दाराजवळून बाजूला झाला, बाईंना वाकून बघता यावं म्हणून. दार असं लखलख करत होतं की त्यात समोरचं निळं मशीनही दिसत होतं. बाईंनी दार उघडलं आणि आत बसल्या. भांगाकडं हात गेला नाही.

"चांगली काढली," एवढं म्हणाल्या.

आठवडाभर मुखरूनं प्रफुलकडं पाहिलं नाही, मशीनकडंही नाही. समोर आता पोरगा प्रत्येक गाडीला आधी हवा मारायचा. सात मिनिटांची पंधरा झाली, तरी रांग होती. खरं सांगा, यानं मुखरूचं पोट दुखायला पाहिजे होतं की नाही? नाही दुखलं. त्याचं सगळं ध्यान रविवारावर होतं. शनिवारी त्यानं खुर्चीला नवी गादी शिवून घेतली, पाय लांब करायला एक स्टूल आणलं, आणि सीतेकडून बिनसाखरेच्या चहाचा थर्मास भरून घेतला. बाईंना काय सांगायचं ते मनात पाठ केलं. बाई, मी जळत होतो. तुमच्या हातात कप पाह्यला अन् जळलो. एवढंच. खोटं काही बोलायचं नाही.

रविवारी साडेआठला चौकात काळी गाडी दिसली. इंडिकेटर लागला. डावा! मुखरूचा जीव भांड्यात पडला. गाडी शेडात आली, त्यानं धावत जाऊन दार उघडलं.

स्टिअरिंगवर दिव्यानी होती. बाजूची जागा रिकामी.

"आत्या नाई आली?"

"नाई. आता गाडी मीच आणत जाईन म्हने." दिव्यानी उतरली, गादीकडं, स्टुलाकडं, थर्मासकडं पाहिलं आणि चावी त्याच्या हातात दिली. "मी दोन तासानं येतो न्याले." चार पावलं जाऊन ती थांबली. काहीतरी आठवल्यासारखी वळली.

"अन् मुखरूभाऊ, आत्यानं एक सांगाले लावलं. आठवणीनं सांगजो म्हने." ती लहान पोरीसारखी, पाठ केलेलं म्हणावं तशी म्हणाली, "आधी हवा मारजो म्हने. मंग पाणी."

मुखरूनं मान हलवली. हो, सांग म्हणाला. मग त्यानं हवेची नळी उचलली.